स्क्वेअर फोटोग्राफीसाठी डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा?

राजांगण :
मंडळी, यापुढे चौरस चौकटीतच काम करायचं ठरवलं आहे. विषयही ठरलेले आहेत: गोव्यातली जुनी घरं, बल्कांव (दारापुढचा बैठकीचा ओटा), शिंपल्यांच्या खिडक्या, दारातली तुळशी वृंदावनं, देवळांचे दीपस्तंभ, चर्चचे दर्शनी भाग, आणि चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळांची चौकट). प्रिंट १२ बाय १२ इंच, क्वचित २० बाय २०. मीडियम फॉरमॅटचे, मोठ्या सेन्सरचे कॅमेरे आवाक्याबाहेर आहेत. खरोखर चौरस सेन्सर असलेला कॅमेरा मिळतो का? नसेल तर कापून काढण्यात किती नुकसान होतं? आणि फोटो काढताना व्ह्यूफाइंडरमध्ये चौरसच दिसेल असं कोणत्या कॅमेऱ्यात होतं? नंतर संगणकावर कापायचं म्हटलं की चौकटीचा विचार ढिला पडतो, ते नको आहे.

चिरेबंदी :
नवा, दुकानात मिळणारा, चौरस सेन्सरचा स्टिल कॅमेरा आज नाही. पूर्वी डिजिटल बॅक, म्हणजे फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीला बसणारे डिजिटल सेन्सर होते. कोडॅकची डीसीएस प्रो बॅक आणि हॅसलब्लाडची पहिली सीएफव्ही या दोन्हींत साधारण ३७ बाय ३७ मिमीचा १६ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर होता. सीएफव्ही हॅसलब्लाडच्याच ५०० मालिकेच्या फिल्म कॅमेऱ्याला थेट बसते, पण फिल्मची चौकट ५६ मिमीची आणि सेन्सर ३७ चा, म्हणजे ८० ची लेन्स १२० सारखी वागते आणि वाइड हातातून जातं. शिवाय इतक्या जुन्या बॅकच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती ही कायमची डोकेदुखी. संग्रहासाठी ठीक, रोजच्या कामासाठी मी सुचवणार नाही.

तेव्हा कापणं आलंच. त्याचा हिशोब असा. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरमधून २४ बाय २४ उरतं, म्हणजे दोन तृतीयांश पिक्सेल. एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरमध्येही प्रमाण तेच, कारण तोही ३:२. मायक्रो फोर थर्ड्स (आणखी लहान, ४:३ चौकट) १७.३ बाय १३ ची, तिच्यातून १३ बाय १३ म्हणजे तीन चतुर्थांश उरतं. आकड्यांत सांगायचं तर २४ मेगापिक्सेलच्या ६००० बाय ४००० मधून ४००० बाय ४०००, म्हणजे १६. फुजीच्या २६ मेगापिक्सेलमधून ४१६० चा चौरस, १७.३. ओएमच्या (पूर्वीची ऑलिंपस) २० मधून ३८८८ चा, १५.१. निकॉन झेड ७ च्या ४५ मधून ५५०४ चा, ३० च्या वर.

१२ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० पिक्सेल लागतात. २० इंचाची प्रिंट भिंतीवर लावून दोन पावलं मागून बघतात, तिला २०० डीपीआय पुरतो, म्हणजे ४०००. तुमच्या मापाला २४ मेगापिक्सेलचा कोणताही बरा कॅमेरा पुरेल. मेगापिक्सेलमागे धावू नका, तेच पैसे लेन्समध्ये घाला.

तिसवाडी :
वरच्या हिशोबानेच मी मायक्रो फोर थर्ड्स सुचवेन. कमी पिक्सेल वाया जातात, लेन्स लहान असतात, आणि बहुतेक बॉडींचा व्ह्यूफाइंडर ४:३ चा असल्याने चौरस पूर्ण उंचीभर दिसतो. ३:२ च्या कॅमेऱ्यात तसाच ४:३ चा व्ह्यूफाइंडर असेल तर आधी वर-खाली काळे पट्टे, मग १:१ लावल्यावर डावी-उजवीकडेही. चित्र बरंच लहान होतं. दिवसभर डोळा लावून काम करणाऱ्याला हा फरक जाणवतो.

पॅनासॉनिकच्या एलएक्स १०० मालिकेत तर लेन्सच्या कड्यावरच ३:२, १६:९, १:१, ४:३ असा सरकता स्विच आहे. मेनूत शिरावं लागत नाही. खिशात मावतो. पण पिक्सेल कमी, १२ इंचाच्या पुढे ताणू नये.

तळपण :
तिसवाडी यांचा हिशोब बरोबर आहे, पण राजांगण यांचे विषय पाहता निष्कर्ष उलटा निघतो. देऊळ, चर्च, दीपस्तंभ हे सगळे उभे विषय. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा माथ्याकडे एकत्र येतात आणि इमारत मागे पडल्यासारखी दिसते. चौरसात हा दोष जास्त खुपतो, कारण चारही बाजू सारख्या असल्याने डोळा प्रत्येक रेषा कडेशी ताडून बघतो. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केलं की वरचा भाग ताणला जातो, खालचे कोपरे कापावे लागतात, आणि त्यासाठी आधीच जागा सोडली नसेल तर कळसच जातो.

३:२ सेन्सरमध्ये जो भाग 'वाया' म्हणतो आहोत तोच इथे कामाला येतो. कॅमेरा उभा धरा, म्हणजे चौकट २४ रुंद आणि ३६ उंच. कॅमेरा अगदी लेव्हलला ठेवा, वर अजिबात कलवू नका. आता २४ बाय २४ चा चौरस मधून न घेता वरच्या टोकापासून घ्या. चौरस ६ मिमी वर सरकला. शिफ्ट लेन्सची (चित्र वर-खाली सरकवणाऱ्या लेन्सची) ६ मिमीची राइज, म्हणजे वर सरकणं, फुकटात मिळालं आणि एकही पिक्सेल जास्तीचा गेला नाही, कारण आडवा धरून कापला असता तरी ४००० बाय ४०००च मिळाले असते.

उदाहरण घ्या. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स, इमारत २० मीटरवर, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर. चौरस बरोब्बर २० मीटर उंची टिपतो. मधून कापला तर वर ११.५ मीटरपर्यंतच दिसतं आणि खालची जवळजवळ अर्धी चौकट अंगणाने भरते. वरून कापला तर १६.५ मीटरपर्यंत दिसतं, उभ्या रेषा ताठ राहतात. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चसारखा जिन्यांवर चढत गेलेला पांढरा दर्शनी भाग किंवा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, अशा ठिकाणी हे ५ मीटर म्हणजे सगळं काही.

मायक्रो फोर थर्ड्समध्ये हीच युक्ती चालते, पण सरकायला वर-खाली प्रत्येकी दोन मिमीच्या आसपास जागा. चौरसाच्या बाजूच्या प्रमाणात पाहिलं तर तिथे १६ टक्के, ३:२ मध्ये २५. म्हणून इमारतींसाठी ३:२.

राजांगण :
हे फार उपयोगी. पण मग माझी तिसरी अट मोडते. कॅमेऱ्यातली १:१ चौकट कायम मधोमधच असते ना? वर सरकलेला चौरस काढताना दिसणार कसा?

तळपण :
ग्रिड लावा. फुजीत 'ग्रिड २४', कॅननमध्ये '६ बाय ४' असा पर्याय आहे. ३:२ ची चौकट ६ बाय ४ ने भागली की प्रत्येक घर अचूक चौरस होतं, फुल फ्रेमवर ६ बाय ६ मिमीचं. कॅमेरा उभा धरला की रुंदीत ४ घरं, उंचीत ६. वरच्या ४ ओळींतली घरं म्हणजे पूर्ण राइज घेतलेला चौरस, मधली ४ म्हणजे नेहमीचा, खालची ४ म्हणजे फॉल, खाली सरकलेला. वरच्या मजल्यावरून अंगणातलं वृंदावन टिपताना फॉल लागतो. चौथ्या रेषेखाली काय आहे याकडे लक्षच द्यायचं नाही, ही सवय लवकर लागते.

लेव्हल मात्र दोन्ही अक्षांचं हवं. काही स्वस्त बॉडी फक्त डावी-उजवी कल दाखवतात, पुढे-मागे नाही. इथे पुढे-मागेच महत्त्वाचं. तसं नसेल तर हॉट-शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) बसणारं दोन बुडबुड्यांचं लेव्हल घ्या. ट्रायपॉडवर उभा लावण्यासाठी एल-ब्रॅकेट घ्या, नाहीतर बॉलहेड बाजूला पाडल्यावर कॅमेऱ्याचं वजन एका अंगाला जातं आणि हळूहळू तो घसरतो.

एक सावधगिरी. वर सरकलेल्या चौरसाचे वरचे दोन कोपरे हे लेन्सच्या वर्तुळाच्या कडेचे कोपरे असतात. मधून कापल्यावर कोपऱ्यातली मऊपणा-काळोखी आपोआप निघून जाते, तो फायदा इथे नाही. म्हणून लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवा. एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) चिऱ्याचा पोत मेणचट होतो.

चिरेबंदी :
तळपण यांच्याशी पूर्ण सहमत. आता रॉ फाइलचं (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) पाहू, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

कॅमेऱ्यात १:१ लावल्यावर जेपेग सगळीकडेच कापली जाते, कडा परत मिळत नाहीत. रॉचं मात्र कंपनीगणिक वेगळं. फुजी, कॅनन मिररलेस, ओएम आणि पॅनासॉनिकच्या जी मालिकेत रॉ पूर्ण चौकटीची राहते, सोबत फक्त 'इथे काप' अशी नोंद जाते. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये ती कापलेली उघडते, 'आर' ची कळ दाबून क्रॉप रिसेट केलं की बाजू परत येतात. निकॉनमध्ये 'इमेज एरिया' १:१ केला की एनईएफ रॉसुद्धा २४ बाय २४ चीच लिहिली जाते. फाइल लहान होते, बफर जास्त टिकतो, पण कापलेलं ते कायमचं गेलं. शिस्त म्हणून कुणाला हेच हवं असेल तर निकॉन झेड उत्तम, रेंजफाइंडर आणि टीएलआर अशा जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवाल्यांना हा स्वभाव पटतो. पण तळपण यांची युक्ती वापरायची असेल तर निकॉनवर एरिया एफएक्स (पूर्ण चौकट) ठेवा.

फुजीवर रॉ अधिक जेपेग असंच ठेवा. जेपेग चौरस, काळी-पांढरी हवी तर अ‍ॅक्रॉस सिम्युलेशनमध्ये, आणि रॉ पूर्ण रंगीत, पूर्ण चौकटीची. कॅमेऱ्यात चौरस दिसतो आणि मागे वळायची वाटही राहते.

सोनीत काही जुन्या मॉडेलांत १:१ चा पर्यायच नाही, फक्त ३:२ आणि १६:९. सेकंडहँड घेताना मेनू उघडून बघा, विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

कुळागर :
लेन्सचं कुणीच बोललं नाही. ३:२ वर ५० ला नॉर्मल म्हणायची सवय असते, चौरसात ती अरुंद वाटते कारण बाजू गेलेल्या असतात. ६ बाय ६ सेंमीच्या चौरस फिल्मला ८० मिमी नॉर्मल. ते ५६ मिमीच्या चौकटीवर. फुल फ्रेमच्या २४ ला उतरवायचं तर २.३३ ने भागा: ३४ येतात, म्हणजे ३५ ची लेन्स. एपीएस-सीचा चौरस १५.६ चा, ३.६ ने भागा: २२, म्हणजे २३ ची. मायक्रो फोर थर्ड्सला ४.३ ने: १८.६, म्हणजे १७ किंवा २०. साधारण ३८ अंशांचा कोन सगळीकडे सारखा.

वाइड हवी तर ६ बाय ६ ची ५० मिमी धरा: फुल फ्रेमवर २१, एपीएस-सीवर १४, मायक्रोवर १२. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत मागे सरकायला भिंत आडवी येते, तिथे याहून लांब लेन्सने घराचा दर्शनी भाग चौरसात बसतच नाही. फुजीची १४ मिमी एफ २.८ यासाठी विचारात घ्या, तिच्यात मुळातच डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) फार कमी आहे, खिडक्यांच्या चौकटी सरळ येतात. दुसरी कुठली घेतली तर लेन्स प्रोफाइल पूर्ण चौकटीवर लागलं आहे ना बघा. आधी कापून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर नंतर डिस्टॉर्शन सुधारायला गेलात तर केंद्र सरकलेलं असतं, आणि एका बाजूची रेषा सरळ होते तर दुसरीकडची वाकते.

तिसवाडी :
इमारतींसाठी ३:२ हे पटलं. पण स्क्रीनचा मुद्दा राहिला. कमरेच्या उंचीवरून खाली बघत काम करायचं असेल तर लेन्सच्या रेषेतच वर उघडणारी टिल्ट स्क्रीन बरी. बाजूला उघडणारी स्क्रीन डावीकडे लटकते आणि चौकटीचा मध्य डोळ्याला चुकतो. मात्र कॅमेरा उभा धरला की साधी टिल्ट निरुपयोगी, तेव्हा बाजूला उघडणारीच लागते. दोन्ही साधणारी म्हणजे फुजी एक्स-टी ३ आणि एक्स-टी ५ ची तीन दिशांना उघडणारी, उभ्यात एकाच बाजूला उघडते पण उघडते. मधल्या एक्स-टी ४ ला बाजूला उघडणारी आहे, नाव बघून घाईने घेऊ नका.

सांज आंगण :
फोनने नाही का भागणार? त्यातही स्क्वेअर असतोच की. आणि लगेच प्रिंट देणारा इन्स्टॅक्स स्क्वेअर?

चिरेबंदी :
@सांज आंगण, फोनच्या ४:३ सेन्सरमधून तीन चतुर्थांश मिळतात, स्क्रीनवर बघायला आणि चौकट शिकायला झकास. १२ इंचाच्या प्रिंटमध्ये मात्र शिंपल्यांच्या खिडकीचा अर्धपारदर्शक पोत शार्पनिंगमुळे खरबरीत होतो. इन्स्टॅक्स स्क्वेअरची चौकट ६२ बाय ६२ मिमी, हातात द्यायला गोड, मोठी करायला नाही. आणि कुणी इन्स्टाग्रामसाठी म्हणून चौरस निवडत असेल तर लक्षात घ्या, २०२५ च्या जानेवारीपासून तिथल्या प्रोफाइलची ग्रिडही उभी झाली आहे.

माडांची सावली :
माटोळीबद्दल दोन गोष्टी, कारण ती टिपताना कॅमेरा निवडीचा थेट संबंध येतो. आडव्या लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगण, रानफळं टांगलेली, खाली मूर्ती, आणि खोली बहुधा लहान. चौरस इथे अंगचा बसतो. पण उजेड तीन तऱ्हेचा: छताची एलईडी, समईची ज्योत, दारातून येणारा पावसाळी निळसर प्रकाश. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, एलईडीखाली आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, वेग १/५० किंवा १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. शक्य असेल तर यजमानांना विचारून छताचा दिवा मालवा, दारातला प्रकाश आणि समई एवढंच ठेवा. फ्लॅश नको, पुढच्या सुपाऱ्या पांढऱ्या पडतात आणि मूर्तीवर टांगलेल्या फळांच्या सावल्या येतात. ट्रायपॉडला जागा नसते, म्हणून बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फरक पडतो. एक्स-टी ३ मध्ये ते नाही, एक्स-टी ५ मध्ये आहे.

कुळागर :
सेकंडहँड घेणार असाल तर गोव्यात पहिली तपासणी बुरशीची. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा, समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर सोडून द्या. साफ करून घेतली तरी बुरशीने कोटिंग खाल्लेलं असतं आणि प्रकाशाकडे तोंड केलं की फोटो धुरकट येतो. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, त्यांनी काही होत नाही. मिरामार, कळंगुटच्या किनाऱ्यावर वापरलेली बॉडी असेल तर हॉट-शूच्या पट्ट्या आणि बॅटरीच्या खणातले संपर्क बघा, हिरवट डाग म्हणजे खारी हवा आत गेली.

घरी जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत किंवा कपाटात ठेवू नका. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर. ते नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. जेलने रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून रंग परत आणा. ३० टक्क्यांखाली मात्र जाऊ देऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. एसी गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नका, झिपच्या पिशवीत अर्धा तास राहू दे, दव पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही.

राजांगण :
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. आता चित्र स्पष्ट आहे: फुजी, एपीएस-सी, तीन दिशांची स्क्रीन, ग्रिड २४, रॉ अधिक जेपेग, १४ आणि २३ मिमी. माटोळीसाठी एक्स-टी ५ कडे कल आहे. शेवटचं, प्रिंट. लॅबमध्ये चौरस फाइल दिली की कडा कापून देतात, त्याला काय करायचं?

चिरेबंदी :
लॅबचा कागद ३:२ च्या मापांत असतो: ८ बाय १२, १२ बाय १८. मशीन चौरस फाइल त्यात 'फिल' करतं, म्हणून माथा-पाया जातो. फाइल आपणच १२ बाय १८ च्या पांढऱ्या पानावर १२ बाय १२ मांडून ३०० डीपीआयने द्या, ५४०० बाय ३६०० पिक्सेल, भोवती कापायच्या खुणेसाठी फिकट करडी रेघ. उरलेल्या ६ इंचांत त्याच फोटोच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या पट्ट्या टाका, टेस्ट प्रिंटचा खर्च वाचतो. लॅबला ऑटो-करेक्शन बंद ठेवायला सांगा. चुन्याच्या पांढऱ्या भिंती ते करडट करतं आणि लाल चिऱ्याला नारिंगी. जुन्या गोव्यातल्या बों जेझूस चर्चच्या गिलावा नसलेल्या चिऱ्यावर हे पटकन कळतं. फाइल एसआरजीबीमध्येच द्या.

कुळागर :
फ्रेम तयार मापात क्वचित मिळते, मापाने करून घ्या. १२ च्या प्रिंटला १८ बाय १८ ची फ्रेम, माउंट बोर्ड बाजूंना ३ इंच, वर त्याहून थोडा कमी, खाली थोडा जास्त, नाहीतर चौरस खाली घसरल्यासारखा दिसतो. आणि चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवून बोटभर फट ठेवा, हवा खेळती राहते.